जवळचे वैयक्तिक नाते

तो माणूस घावन खात नव्हता. घावन उजेडाकडे धरून तो त्यातली भोकं मोजत होता!

अक्षता गल्ल्यावर बसल्या जागी बघतच राहिली. शनिवारची सकाळ, भांडुप पश्चिमेचं त्यांचं सहा टेबलांचं दुकान, आणि खिडकीजवळच्या टेबलावर चौकडीच्या शर्टातला एक सडपातळ मुलगा. डाव्या हाताच्या दोन बोटांत घावनाचं टोक, उजव्या हातात मोबाईलची बॅटरी, आणि ओठ हलतायत... सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. शेजारच्या टेबलावरचे दोघे आपला चहा विसरून त्याच्याकडे बघत होते.

"गो बाय," तव्यापाशी उभ्या असलेल्या विमलाबाई, म्हणजे तिची आई, हळूच म्हणाल्या, "तो घावन खाता काय मोजता?"

"मोजतोय गं."

"म्हणजे अन्न खात्याचो सायब आसतलो. जा, चटणी वाढ त्येका. गोड बोल."

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. दुकानाच्या पाटीवर 'परब यांची मालवणी घावनं' असं लिहिलेलं होतं, पण आत परब कुणीच नव्हतं. खरे परब पंधरा वर्षांपूर्वी दुकान विकून कणकवलीला निघून गेले. विमलाबाई धुरी. पण गिऱ्हाईक पाटीला सरावलेलं, म्हणून त्यांनी पाटी बदलली नाही, आणि तेव्हापासून सगळी आळी त्यांना परबकाकू म्हणते. त्याही बिनदिक्कत ओ देतात.

अक्षता चटणीचं भांडं घेऊन गेली. "घावनात काही प्रॉब्लेम आहे का?"

"अं? नाही, नाही... एक मिनिट हां. एकोणचाळीस, चाळीस — गेलं! कुठपर्यंत आलो होतो?"

"चाळीस."

"थँक्यू." आणि हा बाबा खुशाल पुढे मोजायला लागला!

"तुम्ही अन्न खात्याचे आहात का?"

"मी कंप्युटर ग्राफिक्सचा आहे," तो मान वर न करता म्हणाला. "पवईला पीएचडी करतो. पातळ, जाळीदार वस्तूतून उजेड कसा जातो ते संगणकावर हुबेहूब दाखवायचंय. मच्छरदाणी घेतली, लेस घेतली, पण त्यांची भोकं सगळी सारखी. मला असं काहीतरी हवं होतं, ज्यात एक भोक दुसऱ्यासारखं नसेल. आणि आज भूक लागली म्हणून इथे शिरलो, तर... हे बघा ना!"

त्याने घावन तिच्या नाकासमोर धरलं. अक्षता जन्मापासून घावनं खात आली होती, पण घावनाकडे असं कुणी बघितलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"मग बॅटरी सरळ मागून का मारताय?" ती म्हणाली. "असा कागद वाटणार तो. उजेड तिरका टाका. कडेला पीठ पातळ आहे, मधे जाड आहे, तो फरक दिसला पाहिजे. नाहीतर मच्छरदाणी काय वाईट होती?"

आता मान वर झाली. अगदी सावकाश.

"तुम्ही...?"

"मालाडला स्टुडिओत लायटिंग करते. सिनेमातल्या खोट्या वस्तूंवर खरा वाटेल असा उजेड टाकते, सोमवार ते शुक्रवार. शनिवारी इथे गल्ला."

त्याच्या हातातलं घावन सुटलं ते थेट चहाच्या कपात पडलं. दोघांपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

असा केतन त्यांच्या दुकानात आला आणि मग दर शनिवारी येत राहिला. येताना दिवा, कॅमेरा आणि एक वही. प्रत्येक घावनाला नंबर. तवा किती तापला होता, तांदूळ नवा की जुना, पीठ किती उंचावरून टाकलं, सगळं वहीत. विमलाबाईंना पहिले दोन शनिवार वाटलं की पोरगा थोडा सटकलेला आहे. तिसऱ्या शनिवारी त्या स्वतःच सांगायला लागल्या, "ह्या लिही रे, तवो कांद्यान पुसलो. आणि ह्याका जाळी पडूची नाय, तवो थंड झालो." एकदा त्यांनी लाडात येऊन विचारलं, "आडनाव काय रे तुझा?" तर तो म्हणाला, "काकू, थोडी चटणी मिळेल?" त्यांनी वाढली. तो विषय तिथेच राहिला.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"घावन क्रमांक चाळीस," तो मोठ्याने वाचायचा. "जाळी दाट, कडा कुरकुरीत, परीक्षक नाराज."

"कोण परीक्षक?"

"गल्ल्यावर बसलीये. सकाळपासून एकदाही हसली नाहीये."

"तू आल्यापासून चार गिऱ्हाईकं परत गेली, टेबल अडवून बसलायस म्हणून! हसू काय?"

"बघ, हसली."

हसली होती खरी. काय करणार?

या सगळ्या खटाटोपातून त्याला एक शॉर्ट पेपर लिहायचा होता. चार पानं, त्याहून एक ओळ जास्त नाही. कुठल्यातरी मोठ्या कॉन्फरन्सला तो पाठवायचा, आणि तिथे तो घेतला गेला पाहिजे, जूनच्या आत. नाहीतर त्याची शिष्यवृत्ती बंद. "मग?" असं तिने विचारलं तेव्हा तो वहीत बघत म्हणाला, "मग हैदराबादच्या एका कंपनीची नोकरी आहे. ते बोलावतायतच." त्या दिवसापासून अक्षताला त्या चार पानांची काळजी लागली. हैदराबाद या गावाचा तिला उगाचच राग यायला लागला.

एका शनिवारी त्याला जाळीतून पडणाऱ्या उजेडाचा फोटो हवा होता, पण पांढरा कागद आणायला विसरला. "तुझा हात दे ना," तो म्हणाला. सहज म्हणाला. तिनेही सहज तळहात पुढे केला. त्याने वर घावन धरलं, मागे तिरका दिवा, आणि तिच्या तळहातावर उजेडाचे शेकडो बारके ठिपके उतरले... मनगटापर्यंत. घावनाची वाफ बोटांना लागत होती. दुकानात कांदा, खोबरं आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता.

"मोज ना," ती म्हणाली.

"मोजतोय."

"तोंडातून तर काही येत नाहीये."

तो तिच्या तळहाताकडे बघत होता, मग तिच्याकडे बघत होता. "...चुकलं," तो म्हणाला. "परत पहिल्यापासून."

परत पहिल्यापासून मोजायला त्याने जितका वेळ लावला, तितक्या वेळात विमलाबाईंनी सात घावनं काढली. त्यांनीही मोजली होती.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी अक्षता अगदी हवेत होती. "ऐक ना! मिथुनने माझं नाव दिलं, स्टुडिओतल्या माझ्या साहेबाने. या वर्षी मला परीक्षक म्हणून घेतलंय, शॉर्ट पेपर तपासायला! मी, भांडुपची अक्षता, लोकांचे पेपर तपासणार. झकास ना?" आणि तिने कॉन्फरन्सचं नाव सांगितलं.

तिला वाटलं होतं तो टाळी देईल. तो पांढराफटक पडला. "अरे वा," म्हणाला, आणि अर्धं घावन तसंच ताटात सोडून, वही-कॅमेरा गोळा करून निघून गेला. जाळी दाट आहे की विरळ, त्याचीही नोंद केली नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. 'थोडे दिवस येत नाही. कारण विचारू नकोस ना, प्लीज.'

ती काय कमी मानी होती? तिने 'बरं' एवढंच लिहिलं, आणि मग दिवसभर फोन हातात घेऊन बसली.

पुढचा शनिवार कोरा. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या शनिवारी विमलाबाईंनी खिडकीजवळचं टेबल दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिलं तर ती आईवरच खेकसली. चौथ्या शनिवारी ती स्वतःला सांगत होती की माणूस कामापुरता आला होता, सॅम्पल झाली, गेला. आपली परीक्षकपदाची बढाई त्याला खुपली असेल, पुरुषाचा अहंकार, दुसरं काय! पाचव्या शनिवारी सांगायलाही काही उरलं नाही. तिला त्याची आठवण येत होती. साधी, सरळ, छळणारी आठवण.

एप्रिलमधल्या एका रविवारी, दुपारची जेवणं होऊन विमलाबाई आडव्या झाल्या होत्या तेव्हा, कॉन्फरन्सकडून तिला तपासायला तीन पेपर आले. या पेपरांवर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. कोणी लिहिलंय ते परीक्षकाला कळू नये आणि कुणी तपासलं ते लिहिणाऱ्याला कळू नये, असा तिथला दस्तूर. पहिला पेपर धुराचा होता. दुसरा केसांचा. तिसरा, क्रमांक एकशे त्रेचाळीस, तिने उघडला आणि किंचाळलीच.

"काय झाला गो?" आतून आई.

"काही नाही! झुरळ!"

पहिल्याच पानावर त्यांचा तवा होता. बिडाचा, काठाचा टवका उडालेला. त्यावर घावन, आणि घावनावर तिरका उजेड! नाव नव्हतं तर नव्हतं. साऱ्या जगात हा पेपर लिहिणारा एकच माणूस होता. तिने छातीवर हात ठेवून चारही पानं वाचली. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं — 'उजेड तिरका ठेवण्याची सूचना ज्या व्यक्तीने केली, तिचे नाव येथे देता येत नाही. पण तिच्याविना हा पेपर झाला नसता.'

ते वाक्य तिने किती वेळा वाचलं ते तिलाच ठाऊक.

आता कुणाला वाटेल, झालं की मग! पेपर तिच्या हातात आला होता. प्रत्येक पेपरला तीन परीक्षक, तिघांपैकी दोघांचा होकार पुरतो. एक होकार तिचा. कुणाला कळणार होतं? पेपर घेतला जाईल, शिष्यवृत्ती चालू राहील, हैदराबाद बोंबलत जाईल.

तिने लिहायला घेतलं. पहिल्यांदा जे लिहून झालं ते वाचून तिलाच धक्का बसला. त्यात 'लेखक मधेच काम टाकून पळून जातात' असं वाक्य होतं. ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं तर ते इतकं गोड झालं की घावनाबरोबर नारळाचा गोड रस म्हणून वाढता आलं असतं. तेही खोडलं. तोपर्यंत चहाची वेळ झाली होती. पेपर चांगला आहे की नाही हे तिला खरंच सांगता येत नव्हतं, कारण तो नाकारला गेला तर आपण रडणार आहोत एवढंच तिला पक्कं माहीत होतं. असा परीक्षक काय कामाचा?

कॉन्फरन्सच्या संकेतस्थळावर अशा वेळेसाठी एक फॉर्म असतो. लिहिणाऱ्याशी तुमचं काही नातं असेल तर ते जाहीर करायचं, मग पेपर दुसऱ्याकडे जातो. दुसरा म्हणजे टोकियोचा नाहीतर टोरांटोचा कुणीतरी, ज्याने उभ्या जन्मात घावन पाहिलेलं नाही. फॉर्म उघडताना तिला ते सगळं दिसत होतं. खाली पर्याय होते. सहकारी? नाही. सहलेखक? नाही. गुरू-शिष्य? छे. नातेवाईक? अजून... तिने पटकन पुढे सरकवलं. 'इतर' वर दाबलं तर 'थोडक्यात खुलासा करा' म्हणून चौकट उघडली. 'आईच्या दुकानातलं गिऱ्हाईक,' तिने लिहिलं. वाचलं. खोडलं.

उरला एकच पर्याय. 'जवळचे वैयक्तिक नाते.'

जो माणूस सहा आठवडे फिरकला नाही, त्याच्याशी! वेडीच आहे मी, तिने मनात म्हटलं, आणि बटण दाबलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली, कारण आपल्या हाताने आपण त्याला हैदराबादच्या गाडीत बसवलं असं तिला वाटत होतं.

मंगळवारी मालाडला जेवणाच्या सुट्टीत तिने लॉकरमधून फोन काढला. स्टुडिओत फोन आत नेऊ देत नाहीत. सकाळी लॉकरमध्ये टाकायचा आणि फक्त जेवताना चाळीस मिनिटं हातात मिळतो. एका हातात डबा, एका हातात फोन. कॉन्फरन्सच्या अध्यक्षबाईंची मेल आली होती, फिनलंडहून.

'प्रिय अक्षता, प्रामाणिकपणाबद्दल आभार. पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे दिला आहे. एक खुलासा हवा. या पेपरच्या लेखकाने पेपर जमा करतानाच, सहा आठवड्यांपूर्वी, एका परीक्षकाशी आपले नाते जाहीर केले होते: अक्षता परब, मुंबई. कारण: जवळचे वैयक्तिक नाते. या नावाचे आमच्याकडे कोणी सापडले नाही, म्हणून आम्ही ती नोंद बाजूला ठेवली. ती व्यक्ती आपणच आहात का?'

डबा खाली पडला. भाजी एकीकडे, पोळ्या दुसरीकडे. लॉकरपाशी उभा असलेला मिथुन धावत आला. "काय झालं? घरी सगळं ठीक ना?"

"मिथुन," ती म्हणाली, "मी परब आहे."

"तू धुरी आहेस."

"हो, पण मी परब आहे! सहा आठवड्यांपासून आहे, आणि मला कुणी सांगितलंच नाही!"

मिथुनने तिला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणायला गेला. तो परत येईपर्यंत तिने मेलला 'हो, ती मीच' असं उत्तर पाठवलं होतं आणि केतनला फोन लावला होता.

"हॅलो?" त्याचा आवाज. सहा आठवड्यांनी. "अक्षता...? तू फोन करायला नको होतास, म्हणजे करायला हवा होतास, पण आत्ता नाही, मी तुला सांगणार होतो..."

"माझं आडनाव धुरी आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"...मग परब कोण?"

"परब कणकवलीला आहेत! पंधरा वर्षं झाली!"

"वाट लागली," तो पुटपुटला. "म्हणजे माझा पेपर..."

"पेपरबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. मला तू सांग. गायब का झालास?"

"तू जिथे परीक्षक झालीस, मी तिथेच पाठवणार होतो यार. तुझ्यासमोर येऊन बसलो असतो तर दोन मिनिटांत बोलून टाकलं असतं. आमच्या घरात पीएचडीपर्यंत पोचलेला मी पहिला आहे, अक्षता. माझा पेपर ओळखीवर झाला असं कुणाला म्हणायला जागा ठेवायची नव्हती. म्हणून निकाल लागेपर्यंत लांब राहायचं ठरवलं. आणि फॉर्मवर तुझं नाव लिहिलं होतं ना मी, कारणासकट!"

"फॉर्मवर? मला सांगायचं सोडून तू फिनलंडच्या बाईला सांगितलंस?"

"तिथे रकाना होता..."

तिला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि समोर मिथुन पाण्याचा ग्लास धरून उभा. "तीन महिने येत होतास," ती म्हणाली. "एकदा तरी आडनाव विचारायचंस."

"मी कुणालाच विचारत नाही. लहानपणापासून बघतोय ना, लोक आडनाव विचारतात आणि ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो. म्हणून मी सांगतही नाही. पाटीवर वाचलं, तेच तुझं धरलं." मग म्हणाला, "तायडे. केतन भीमराज तायडे. मूळचे आम्ही अकोल्याचे, आता विक्रोळीत. आमच्या घरात बुद्धवंदना असते. आता तुला काही बोलायचं असेल तर बोल."

"बोलायचं आहे," ती म्हणाली. "फॉर्मवरचं कारण मलाच तेवढं तोंडाने ऐकायचं राहिलंय. सांग."

त्याने सांगितलं. लॅबमध्ये कुणीतरी होतं बहुतेक, कारण अगदी हळू आवाजात सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं. मग सुट्टी संपली आणि फोन लॉकरमध्ये गेला. त्या संध्याकाळी तिने सिनेमातल्या ज्या भुताच्या चेहऱ्यावर उजेड टाकला, ते भूत फारच लाजरं दिसतंय म्हणून परत करायला लागलं.

घरी आल्यावर तिने आईला आडवळणाने सगळं सांगितलं. मग शेवटचं तेही सांगितलं. "त्याचं आडनाव तायडे आहे. ते बौद्ध आहेत, आई."

विमलाबाई नारळ खवत होत्या. हात थांबला नाही. "ता माका पयल्याच महिन्यात कळला होता."

अक्षता चाट पडली. "कसं?"

"आडनाव विचारल्यार ज्येका चटणी मागूची लागता, त्येचा काय आसतला ता मुंबयत चाळीस वर्सा काढून माका कळाचा नाय?" त्यांनी वाटी उलटी केली. "आणि चटणी मी वाढलंय ना? मगे झाला तर. आता शनवारी येऊक सांग, टेबल फुकट अडता."

आपल्या आईला आपण ओळखतो असं अक्षताला चोवीस वर्षं वाटत होतं. ती उठून आईच्या गळ्यात पडली, तर खोबऱ्याचे हात लागतील म्हणून ओरडा खाल्ला.

निकाल मेमध्ये लागला. पेपर नाकारला गेला. एकाचा होकार, एकाचा नकार, आणि तिसऱ्याने, म्हणजे तिच्या जागी आलेल्याने, लिहिलं होतं: 'ही वस्तू नेमकी काय आहे ते समजले नाही. लेखकांनी नेहमीची लेस का वापरली नाही?'

ती रविवारी विक्रोळीला गेली. कन्नमवार नगरातल्या तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते केतनच्या बाबांनी, भीमराजकाकांनी. त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि आत ओरडले, "अरे केतन, परब आली रे!" मग जीभ चावून म्हणाले, "धुरी, धुरी. सवय झालीये, बेटा. ये."

गॅलरीत दोघंच उभे राहिले. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. मागे हायवेचा आवाज. तिने ठरवून आणलेलं एका दमात बोलून टाकलं. "तुझा पेपर माझ्याकडे आला होता. पहिल्यांदा. मी हो म्हटलं असतं तर झाला असता. मी परत पाठवला. आता तू हैदराबादला जाणार ते माझ्यामुळे. मला शिव्या दे."

त्याने तिच्याकडे आ वासून पाहिलं. "तुझ्याकडे आला होता? आणि तू...?"

"हो."

"कुणाला कळलंही नसतं!"

"मला कळलं असतं," ती म्हणाली. "आणि पुढे कधीतरी तुलाही."

तो कठड्याला टेकला. आता हा रडेल की ओरडेल असं तिला वाटत असतानाच तो हसायला लागला, आणि थांबेचना. आतून भीमराजकाका डोकावून गेले.

"अगं, हैदराबादला मी कधीच नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला. "तो मंगळवार आठवतो? तुझा फोन ठेवला आणि लगेच त्यांना लावला. निकालाला तेव्हा तीन आठवडे होते."

ती गर्रकन त्याच्याकडे वळली. "निकालाच्या आधी? आणि शिष्यवृत्ती?"

"जाईल. घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवायचं काम बघितलंय, तासावर. पेपर परत लिहीन, सप्टेंबरला दुसरीकडे पाठवीन. बाबा आठवडाभर बोलत नव्हते, आता बोलतात." त्याने खिडकीतून हात घालून लॅपटॉप बाहेर काढला. "त्यांना हे दाखवलं तेव्हा बोलायला लागले."

त्याने भरलेला तो फॉर्म होता. नाव, अक्षता परब. कारण, तिला पाठ होतं. खाली दोन तारखांचे रकाने. नाते केव्हापासून: डिसेंबर, त्यांच्या दुकानातला पहिला शनिवार. नाते केव्हापर्यंत: काहीच नाही.

"हा रकाना भरायला विसरलास," ती म्हणाली.

"विसरलो नाही. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय वाच."

तिने वाकून वाचलं. 'नाते संपणार नसेल, तर हा रकाना रिकामा सोडावा.'

अक्षताने लॅपटॉप मिटला, कठड्यावर ठेवला आणि त्याचा हात धरला. खालून कुणीतरी शिट्टी मारली. त्याने सोडवून घ्यायचा थोडा प्रयत्न केला, म्हणाला, "अगं, बाबा आहेत आत..."

"असू देत," ती म्हणाली. "त्यांनी वाचलाय ना फॉर्म?"